घरगुती पैठणी व्यवसायासाठी इन्स्टाग्रामवर फॉलोअर्स कसे वाढवावेत?

तुमचे पेज दोनशे फॉलोअर्सवर अडकलंय आणि विकत घ्यावेत का, असं विचारलंय. कृपा करून घेऊ नका. विकत घेतलेली खाती तुमचे व्हिडिओ बघत नाहीत, मग इन्स्टाग्रामही ते पुढे दाखवत नाही.

इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी 2025 मध्ये तीन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या सांगितल्या: लोक किती वेळ बघतात, लाइक करतात का आणि दुसऱ्याला पाठवतात का. अनोळखी लोकांपर्यंत पोचायला पाठवणं जास्त कामी येतं. म्हणून प्रत्येक रीलआधी विचारा, बघणारी बाई ही आपल्या जावेला का पाठवेल?

माझ्या मावसबहिणीच्या पेजवर घडी केलेल्या साड्यांचे फोटो कुणी बघत नव्हतं. मग तिने पदर उलटा करून दाखवला: हातमागावरचा मोर मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो, यंत्रावरच्या पदराला मागे सुटे धागे असतात. आवाज तिचाच, खिडकीचा उजेड, अठरा सेकंद. लग्नाची खरेदी निघालेल्या घरांत ती रील फिरत राहिली.

पहिल्या दोन सेकंदांत हात आणि जरीचं काम दिसू दे, ‘नमस्कार मंडळी’ नको. व्हिडिओ उभाच घ्या. नावाच्या रकान्यात दुकानाच्या नावाशेजारी ‘पैठणी’ लिहा, शोधताना तो रकाना धरला जातो. आठवड्याला दोन-तीन रील पुरेत, पण खंड नको. आणि किंमत विचारणाऱ्याला ‘डीएम करा’ (खासगी मेसेज करा) म्हणू नका, तिथेच कमेंटमध्ये आकडा लिहा.