साडेचार वर्षांच्या मुलाला पेन्सिल नीट धरता येत नाही. याचा त्याच्या अभ्यासावर परिणाम होईल का?

हाताचा आणि अभ्यासाचा संबंध असतो. परंतु त्यावर उपाय म्हणून शाळेने सुचवलेली रोजची दोन पाने गिरवणे मला, एक बालवाडी शिक्षिका म्हणून, मुळीच पटत नाही.

मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊ, लवचीक असतात आणि त्यांतले शेवटचे हाड पक्के व्हायला साधारण आठ ते बारा वर्षे लागतात. तीन बोटांची पकडही बहुतेक मुलांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान साधते, त्यामुळे आपला मुलगा मागे पडला आहे असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही.

खरा संबंध लक्षाचा आहे. काही मुले पेन्सिल इतकी दाबून धरतात की अक्षर पानाच्या मागे उमटते, आणि दुसऱ्या ओळीलाच हात झटकू लागतात. तोंडी विचारले तर हीच मुले ‘कमळ’मधली तिन्ही अक्षरे अचूक सांगतात, लिहिताना मात्र सगळे लक्ष पेन्सिल सावरण्यातच जात असल्यामुळे एखादे अक्षर सुटते.

गिरवण्याबाबत 2012 साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी जी अक्षरे स्वतःच्या हाताने काढली होती, ती पाहताना त्यांच्या मेंदूतील वाचनाशी संबंधित भाग जागे झाले. टंकलिखित किंवा गिरवलेल्या अक्षरांबाबत तसे दिसले नाही. प्रयोग लहान होता, तरी माझ्या वर्गातल्या अनुभवाशी तो जुळतो: वेडेवाकडे का होईना, स्वतः काढलेले अक्षर मुलाच्या लक्षात राहते.

म्हणून घरी कणीक मळू द्या, मटार सोलू द्या, शर्टाची बटणे त्याची त्यालाच लावू द्या. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने मोठी अक्षरे काढल्यास खांदा आणि मनगटही कामाला लागते. डावखुरा असेल तर हात बदलायला लावू नका.

‘मेंदू तल्लख करणाऱ्या’ व्यायामांच्या महागड्या वर्गांना मात्र भुलू नका. तोल सांभाळण्यासारख्या कसरतींनी वाचन सुधारते का, हे तपासणाऱ्या 180 अभ्यासांचा आढावा 1983 सालीच घेतला गेला होता आणि त्यात म्हणावा असा फायदा आढळला नव्हता.

बटणे, जिना, चेंडू झेलणे अशा सगळ्यांतच तो समवयस्कांपेक्षा अडखळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून ऑक्युपेशनल थेरपिस्टचा (हाताची आणि रोजची कामे जमावीत यासाठी मदत करणाऱ्या तज्ज्ञाचा) सल्ला घ्यावा.