ऑलिंपिकनंतर बर्फाच्या रिंकचं पुढे काय होतं, आणि कोल्हापुरात त्यातलं काय जमेल?

नमस्कार. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेली रिंक, बॉबस्लेचे (बर्फावरून घसरणाऱ्या गाडीच्या शर्यतीचे) मार्ग, स्की-उडीचे मनोरे स्पर्धा संपल्यावर तिथल्या सामान्य माणसांना वापरायला मिळतात का, हा पहिला भाग. आणि कोल्हापुरात रोलर स्केटिंग करणाऱ्या मुलांसाठी एखाद्या रिकाम्या गोडाउनमध्ये तशी बर्फाची रिंक करता येईल का, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर: ज्या जागेत सपाट फरशी आणि वर छप्पर आहे ती जागा बहुतेक वेळा टिकते. जिचा आकार एकाच खेळापुरता आहे ती मरते, नाहीतर सरकारी पैशावर जगते. दुसऱ्याचं उत्तर: आधी फरशी करा, बर्फ नंतर. असं का म्हणतो ते सविस्तर लिहितो.

व्हँकुव्हरच्या 2010 च्या ऑलिंपिकसाठी शेजारच्या रिचमंड शहरात स्पीड स्केटिंगचा मोठा हॉल बांधला गेला. 400 मीटरचा बर्फाचा ट्रॅक स्पर्धेनंतर काढून टाकायचा, हे नकाशा काढतानाच ठरलं होतं. आज त्याच छपराखाली आंतरराष्ट्रीय मापाच्या दोन रिंक, लाकडी फरशीची कोर्ट, 200 मीटरचा धावण्याचा ट्रॅक आणि व्यायामशाळा आहे. इमारत शहराच्या मालकीची आहे आणि लोक मासिक वर्गणी भरून येतात. त्याच ऑलिंपिकमधला कर्लिंगचा (बर्फावर जड दगड सरकवण्याच्या खेळाचा) हॉल आता हिलक्रेस्ट नावाचं वस्तीचं केंद्र झालाय: कर्लिंग क्लब, एक रिंक, वाचनालय आणि शेजारी पोहण्याचा तलाव. बर्फ गोठवताना निघणारी उष्णता तिथे तलावाकडे वळवली आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कोल्हापूरच्या हिशेबात ती लागणार आहे.

नागानोत 1998 ला आइस हॉकीसाठी वापरलेला एक हॉल पुढे जलतरण तलाव झाला. बीजिंगमध्ये उलटं घडलं: 2008 चा पोहण्याचा तलाव रिकामा केला, त्यात पोलादी सांगाडा उभारला, वर पटल टाकले आणि 2022 ला त्यावर कर्लिंगचा बर्फ धरला. फ्रान्समधल्या आल्बेरव्हिलचा 1992 चा उघडा स्पीड स्केटिंग ट्रॅक नंतर मैदानी खेळांचं स्टेडियम झाला. हे ऐकायला सोपं वाटतं, पण दोन्ही ट्रॅक 400 मीटरचे असले तरी एकावर एक बसत नाहीत. स्केटिंगच्या वळणाची आतली त्रिज्या 25-26 मीटर आणि सरळ पट्टा सुमारे 110 मीटर असतो. धावण्याच्या ट्रॅकची त्रिज्या 36.5 मीटर आणि सरळ पट्टा 84.39 मीटर. म्हणजे जागा कामी येते, आखणी मात्र पहिल्यापासून करावी लागते.

आता न टिकणाऱ्या जागा. बॉबस्लेचा मार्ग म्हणजे सव्वा ते पावणेदोन किलोमीटर लांबीचं वळणावळणाचं काँक्रीटचं पन्हाळं, आणि त्यात गोठवण्याच्या नळ्या गाडलेल्या. त्यावर दुसरा कुठलाच खेळ होत नाही. तुरीनच्या 2006 च्या खेळांसाठी चेसानात बांधलेला मार्ग पाच-सहा वर्षांतच बंद पडला. नागानोच्या मार्गावर 2018 पासून बर्फ धरणं थांबवलं. कॅल्गरीचा 1988 चा मार्ग तीस वर्षं चालला, पण मोठ्या दुरुस्तीला पैसा पुरा पडला नाही आणि 2019 ला तोही बंद झाला. जे चालू आहेत तिथे पर्यटकाला प्रशिक्षित चालकाच्या मागे बसवून फेरी मारतात. फ्रान्समधलं ला प्लान्य, इन्सब्रुकजवळचं इग्ल्स आणि अमेरिकेतलं पार्क सिटी ही त्याची उदाहरणं. लिलेहामरला उन्हाळ्यात चाकांची बॉब चालते. बंद मार्गात आधी निचरा तुंबतो, मग भेगांत शिरलेलं पाणी थंडीत गोठून फुगतं आणि काँक्रीटचे ढलपे सुटतात. पुढे सळई गंजते.

स्की-उडीच्या मनोऱ्यांची गत मधली. इन्सब्रुकच्या बेर्गिझेल मनोऱ्यावर खाणावळ आणि सज्जा आहे, ऑस्लोच्या होल्मेनकोलेनला संग्रहालय आहे. उतारावर प्लास्टिकचा गवतासारखा थर अंथरून, त्यावर पाणी मारून उन्हाळ्यातही उड्या घेतात.

पैशाची बाजू बहुतेक जण विसरतात. 2002 च्या खेळांनंतर युटामध्ये 7.6 कोटी डॉलरचा कायम निधी बाजूला काढला आणि त्याच्या उत्पन्नावर ओव्हल (स्पीड स्केटिंगचा हॉल) आणि उतार चालतात. व्हँकुव्हरसाठी 11 कोटी कॅनेडियन डॉलरचा तसाच निधी होता. लेक प्लॅसिडला 1981 मध्ये न्यूयॉर्क राज्याने वेगळं प्राधिकरणच नेमलं. तिथला 1932 आणि 1980 चा स्पीड स्केटिंग ट्रॅक गावच्या हायस्कूलसमोर आहे आणि हिवाळ्यात संध्याकाळी गावकरी त्यावर स्केटिंग करतात. वीज आणि माणसांचे पगार कुणी द्यायचे हे बांधण्याआधी ठरलं होतं की नाही, एवढं विचारलं तरी जागेचं भवितव्य बऱ्यापैकी कळतं.

आता रिंक आतून कशी असते ते बघू, कारण कोल्हापुरात काय बिघडेल ते यावरूनच कळतं. आंतरराष्ट्रीय मापाची रिंक 60 बाय 30 मीटर, म्हणजे 1800 चौरस मीटर. सगळ्यात खाली मुरूम-खडीची भरणी. त्यावर वाळूत कोमट ग्लायकॉल (सहज न गोठणारा द्रव) फिरवणाऱ्या नळ्या, मग ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद, मग दहा सेंटीमीटर दाट फोम. त्यावर 12 ते 15 सेंटीमीटरचा स्लॅब आणि त्याच्या पोटात दर नऊ-दहा सेंटीमीटरवर थंड ब्राइनच्या (खाऱ्या पाण्याच्या) नळ्या. सरळ जोडल्या तर या नळ्यांची लांबी 18-20 किलोमीटर भरते. ब्राइन उणे 9 ते उणे 11 अंशांवर फिरतं. बर्फाचा पृष्ठभाग हॉकीला उणे 5-6, फिगर स्केटिंगला उणे 3-4 असा ठेवतात.

खालच्या कोमट नळ्या कशाला, असं वाटेल. पैसे वाचवायला लोक नेमक्या त्याच गाळतात. त्या नसल्या की दोन-चार वर्षांत थंडी फोममधून खाली झिरपते, जमिनीतली ओल गोठते, जमीन फुगते आणि स्लॅब मधोमध वर उचलला जातो. आपल्याकडची काळी माती तर नुसत्या पाण्यानेही फुगते. ती पूर्ण काढून मुरूम भरल्याशिवाय इथे रिंकचा विचारही करू नका.

दुसरी चूक घाईची. 60 मीटरचा स्लॅब 25 अंशांवरून उणे 10 वर गेला की साधारण दोन सेंटीमीटर आकसतो. म्हणून तो मधे सांधा न ठेवता एका दमात ओततात, खाली घसरण्यासाठी प्लास्टिकचे दोन थर देतात आणि कडेने मोकळी फट ठेवतात. थंड करताना आणि बर्फ काढताना तापमान हळूहळू, दिवसाला थोडे अंश असं बदलायचं. उद्या कार्यक्रम आहे म्हणून एका रात्रीत वितळवायला गेलात तर भेग पडणार, आणि भेगेखाली ब्राइनची नळी आहे.

बर्फाची जाडी तीन सेंटीमीटर पुरते. 1800 चौरस मीटरला 54 हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजारांचे साडेपाच टँकर. सगळं पाणी एकदम सोडायचं नसतं. सुरुवातीला फवाऱ्याने एक-दोन मिलिमीटरचे पातळ थर, प्रत्येक थर गोठल्यावर पुढचा. मग पांढरा रंग, रेषा, आणि वर पुन्हा पातळ थर. बोअरचं जड पाणी वापरलं तर क्षार गोठताना वर ढकलले जातात आणि पृष्ठभाग मऊ, गढूळ राहतो. पाण्यातले क्षार आधी काढून घ्यावेच लागतात. रोजच्या वापरात दर तास-दीड तासाने रिसरफेसर यंत्र फिरतं: पात्याने वरचा किस काढतं आणि मागून साठेक अंशांचं गरम पाणी पातळ पसरतं. गरम एवढ्यासाठी की ते खालच्या बर्फाशी एकजीव होतं. तालमीत हौद्याची माती रोज उकरून, ताक-तेल-हळद घालून जिवंत ठेवावी लागते. बर्फालाही तितकीच रोजची निगा लागते, आणि तेच हात शिकवून तयार करावे लागतात.

कोल्हापूरची खरी अडचण एप्रिलच्या उन्हापेक्षा जुलैच्या हवेत आहे. पावसाळ्यात 25 अंश आणि 90 टक्के दमटपणाची हवा दारातून आत आली आणि हॉल 12 अंशांवर, 60 टक्के दमटपणावर ठेवायचा असेल, तर दर हजार घनमीटर हवेमागे सुमारे 15 लिटर पाणी काढून टाकावं लागतं. ते यंत्राने काढलं नाही तर धुकं होऊन बर्फावर बसतं, पत्र्याला आतून घाम फुटतो आणि थेंब पडून बर्फावर टेंगळं उठतात. गंजही तिथूनच सुरू होतो. म्हणून बाहेरची हवा अडवणारी, प्रवेशापाशी दोन दारांची खोली आणि ओल शोषणारा डेसिकंट डिह्युमिडिफायर हे रिंकचे आवश्यक भाग समजा. तापलेला पत्राही वरून बर्फावर उष्णता ओततो. आतून चकचकीत ॲल्युमिनियमचा पडदा ताणला तर हा भार बराच उतरतो.

अमोनियाबद्दल एक कळकळीची सूचना. आपल्याकडे दूध संघ आणि बर्फ कारखान्यांमुळे अमोनिया प्लांट सांभाळणारी अनुभवी माणसं आहेत, हा मोठा फायदा. पण अमोनिया यंत्रघरातच राहिला पाहिजे; लोक जिथे वावरतात तिथे फक्त ब्राइन. कॅनडात फर्नी गावच्या रिंकमध्ये ऑक्टोबर 2017 ला जुन्या चिलरमधून (ब्राइन थंड करणाऱ्या यंत्रातून) अमोनिया गळला आणि तीन माणसं गेली. चिलरच्या नळीला गळती आहे असा संशय आला की प्लांट बंद करायचा, 'हंगाम संपू दे, मग बघू' म्हणायचं नाही.

आता तुमचा हिशेब. मुलांसाठी 30 बाय 15 मीटर पुरे. 450 चौरस मीटरला बर्फाचं पाणी साडेतेरा हजार लिटर. गोडाउन चांगलं बंदिस्त केलं असं समजून 50 टनांचा चिलर धरा (इथे टन म्हणजे थंड करण्याची क्षमता, वजन नव्हे). तो बर्फातून 175 किलोवॅट उष्णता उचलणार. एक युनिट विजेला अडीच युनिट थंडावा धरला तर 70 किलोवॅट वीज लागेल, आणि दिवसाला 16 तास चालला तर जवळपास 1,100 युनिट. यात हवा कोरडी करायचा खर्च धरलेला नाही. त्याच वेळी मागच्या बाजूने 245 किलोवॅट उष्णता बाहेर पडते. ती कूलिंग टॉवरवर उडवून दिली तर निम्मी कमाई हवेत गेली. शेजारी पोहण्याचा तलाव, वसतिगृह किंवा गरम पाणी लागणारा कारखाना असेल तरच ही जागा निवडा.

म्हणूनच मी सुचवेन की पहिल्या टप्प्यात उत्तम कोरडी फरशी करा: तीन मीटरची पट्टी कुठेही ठेवली तरी खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये. कडेला निचऱ्याची नाली काढा, आणि पुढे फोम-बर्फाचा थर चढेल म्हणून दारांची उंची वीस-पंचवीस सेंटीमीटर जास्त ठेवा. वीजजोड वाढवता येईल अशी खोली सोडा. दुसऱ्या टप्प्यात डिसेंबर ते फेब्रुवारी चटईसारख्या नळ्यांची तात्पुरती रिंक त्याच फरशीवर अंथरा आणि मार्चमध्ये गुंडाळा. आपल्या हवेत हेच तीन महिने परवडतात. प्लास्टिकच्या कृत्रिम बर्फाचे पटलही मिळतात. त्यांना वीज लागत नाही, पण घर्षण जास्त असतं आणि पाती लवकर बोथट होतात. तोल आणि वळण शिकवायला ते चालतील.

रोलरवर मुलं मागे पडतील ही भीती मनातून काढा. अमेरिकेची स्पीड स्केटर एरिन जॅक्सन फ्लोरिडातल्या ओकाला या उष्ण गावातून, इनलाइन स्केटिंगमधून आली. बर्फावर येऊन काहीच वर्षांत तिने 2022 ला 500 मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. अमेरिकेच्या स्पीड स्केटिंग संघाचं ठाणं युटाच्या 2002 च्याच ओव्हलमध्ये आहे, आणि त्याच ओव्हलमध्ये आठवडाभर शेजारपाजारची मुलंही स्केटिंग करतात.

आपल्या देशातलं उदाहरण देहरादूनचं. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे 60 बाय 30 मीटरची बंदिस्त रिंक बांधली. स्पर्धा झाल्या, चालवण्याचा खर्च पेलला नाही आणि ती कित्येक वर्षं कुलपात राहिली. 2025 मध्ये दुरुस्त करून ती पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक (छोट्या ट्रॅकवरच्या स्पीड स्केटिंगची) स्पर्धा झाली. तुमच्या मंडळातले दोघे जण तिथे जाऊन या, पण जुलै-ऑगस्टमध्ये जा. छताकडे बघा, थेंब पडतात का. यंत्रघरात विचारा, डिह्युमिडिफायर किती तास चालतो. आणि शक्य झालं तर त्या महिन्याचं वीजबिल बघायला मागा.