न्यूरेंबर्गला येताय तर: मिक्सर, इंटरनेट आणि न विचारलेलं बरंच काही

तुमचा प्रश्न तसा साधा आहे. सप्टेंबरपासून जर्मनीत न्यूरेंबर्गला नोकरी, बायको-मुलगी दिवाळीनंतर येणार. तर टीव्ही, लॅपटॉप, मिक्सर बरोबर आणावेत की इथे घ्यावेत, आणि मोबाइल, इंटरनेट, वीज यांची व्यवस्था कशी लावायची. जाता जाता, एकटेपणा वाटतो का. चार ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते. पण कालपासून ते डोक्यातून जाईना, म्हणून आता बसूनच लिहिते. व्हिसा, पत्त्याची नोंदणी, आरोग्यविमा हे सगळं सरकारी पानांवर इंग्रजीतही आहे, ते तिथे वाचा.

आधी सामानाचं. मिक्सर आणा. इथेही 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झच असतं, त्यामुळे फक्त पिनेचा ॲडॅप्टर लागतो. इथल्या ब्लेंडरमध्ये फळांचा रस छान होतो, वाटण होत नाही. कुकर आणताना बूड बघा: घरात इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर ढिम्म तापत नाही, साध्या काचेच्या शेगडीवर मात्र चालतो, बूड सपाट हवं. लॅपटॉप तिकडूनच आणा. इथल्या दुकानातल्या लॅपटॉपवर वाय आणि झेडच्या जागा उलट असतात आणि ईमेलच्या पत्त्यातलं ॲटचं चिन्ह क्यूच्या बटणात लपलेलं असतं. सवय होते, पण नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात पासवर्ड चुकत बसायची हौस कुणाला. टीव्ही आणू नका. वाटेत काच फुटली तर कटकट, नाही फुटली तरी भारतातली वॉरंटी इथे चालेल याची खात्री नाही.

टीव्ही घ्या किंवा घेऊ नका, सार्वजनिक प्रसारण वाहिन्यांची वर्गणी द्यावीच लागते. घरटी महिना 18.36 युरो, घरात टीव्ही-रेडिओ काही नसलं तरीही. पत्त्याची नोंदणी केलीत की तिथून माहिती जाते आणि थोड्या दिवसांत पत्र येतं. ते फसवणुकीचं नाही, फाडून टाकू नका. दुसऱ्या कुणाबरोबर घर वाटून राहणार असाल तर एकानेच भरायचं असतं, पण तो भरतोय हे तुम्हाला कळवावं लागतं. तुम्ही कळवलं नाहीत तर दोघांकडूनही घेत राहतील.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण इथलं निम्मं आयुष्य असंच चालतं. नियम तुमच्या बाजूचा असतो, छापलेला असतो, आणि तुम्ही स्वतः त्याचं नाव घेऊन लेखी मागितल्याशिवाय कुणी त्याचा उच्चारसुद्धा करत नाही. हे मला कुणी आल्या आल्या सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

घराबद्दल ऐकलंच असेल की भाड्याच्या घरात बऱ्याचदा स्वयंपाकघरच नसतं. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. भिंतीतून नळाची दोन तोंडं बाहेर आलेली, बस्स. छतातून तारा लोंबतात आणि त्यांच्या टोकाला पांढऱ्या प्लॅस्टिकचा इवलासा कनेक्टर असतो. दिवे तुम्ही आणायचे. शेगडी घेतलीत तर ती जोडायला इलेक्ट्रिशियनच हवा, घरी उद्योग करू नका. म्हणून घर बघताना पहिला प्रश्न स्वयंपाकघराचा. जुना भाडेकरू त्याचं स्वयंपाकघर विकत देतो म्हणाला तर किंमत बघा, पण विचार जरूर करा.

आमचं वॉशिंग मशीन ऑनलाइन घेतलं होतं. ट्रक आला, दोघांनी मशीन उतरवलं, फुटपाथच्या कडेला ठेवलं, सही घेतली आणि निघाले. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नवरा ऑफिसात. मी त्यांना खुणेनं वर दाखवलं, तर त्यांनी पावतीवरच्या एका शब्दावर बोट ठेवलं: सामान फुटपाथपर्यंत. घरात नेऊन ठेवायचे वेगळे पैसे असतात आणि मागवतानाच ते निवडायचे असतात. (नवऱ्याने शोधलं, पर्याय होता, तिसऱ्या पानावर.) बारीक पाऊस सुरू झाला. मी मशीनवर माझा कोट टाकून शेजारी उभी. तळमजल्यावरचे आजोबा बाहेर आले, काही न बोलता आत गेले आणि दोन चाकांची हातगाडी घेऊन आले. शिवाय त्यांचा नातू. त्या दोघांनी एकेक पायरी करत मशीन वर नेलं. मी चहा विचारला, नको म्हणाले. नातवानं मागच्या बाजूचे चार बोल्ट दाखवले, जे पहिल्या धुण्याआधी काढायचेच असतात, नाहीतर मशीन अख्ख्या घरभर नाचतं, आणि घर बदलताना परत लावायला ते जपून ठेवायचे असतात. त्यानंतर ते आजोबा रोज जिन्यात भेटायचे. ‘ग्र्युस गॉट’, म्हणजे इथला नमस्कार, म्हणायचे, मीही म्हणायची. त्यापुढे काही नाही, कितीतरी वर्षं. मला वाटायचं, आता ओळख झाली. त्यांच्या लेखी एक मशीन वर न्यायचं होतं, ते गेलं.

वस्तू बिघडली तर काय, हे नीट समजून घ्या, पैसे इथे वाचतात. कंपनीची गॅरंटी ही तिची मर्जी. त्याशिवाय कायद्यानं विकणाऱ्या दुकानाची दोन वर्षांची जबाबदारी असते. 2022 पासून पहिल्या वर्षभरात बिघाड झाला तर तो मुळातच होता असं धरलं जातं; तसं नव्हतं हे दुकानानं सिद्ध करायचं. आमचं भांडी धुण्याचं मशीन वर्ष व्हायच्या आत बंद पडलं. दुकानातला माणूस हसून म्हणाला, कंपनीला फोन करा, हा घ्या नंबर. कंपनी म्हणे तंत्रज्ञ येईल, येण्याचे पैसे लागतील. बहुतेक लोक इथे पैसे भरतात. ग्राहक सल्ला केंद्र नावाची फार उपयोगाची संस्था आहे, फरब्राउखरत्सेंट्राले, तिच्याकडे अशा पत्रांचे तयार नमुने मिळतात. त्यातला एक उतरवून काढला, कायद्याचं नाव घातलं, दोन आठवड्यांची मुदत घातली, रजिस्टर पोस्टानं दुकानाला पाठवला. त्याच दुकानातून त्याच माणसाचा फोन आला. कधी येऊ विचारत होता, पैशांचं नाव नाही. पावतीचा मात्र घरी येताच फोटो काढा, त्या कागदावरची शाई उडते.

ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत कारण न देता परत करता येते. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला तो हक्क नाही, दुकान घेईल परत तर त्याचा मोठेपणा. दारावर येऊन कुणी इंटरनेटचा करार गळ्यात मारला तर त्यालाही चौदा दिवस आहेत. जुलै 2024 पासून केबल टीव्हीचा खर्च घरभाड्याच्या बिलात घालता येत नाही, तेव्हापासून अशा लोकांची ये-जा वाढली आहे. दार उघडू नका, उघडलंत तर सही करू नका.

मोबाइल सुरुवातीला प्रीपेड घ्या. पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते, तेवढंच. हप्त्यावर फोन मागायला जाल तर शूफा आडवी येते, म्हणजे तुमची आर्थिक पत सांगणारी नोंद, जी नव्या माणसाची कोरी असते. (आपली नोंद फुकट मागता येते, पण विकतचा दाखला वेगळा असतो, फुकटची प्रत असंच नाव घेऊन मागा.) करार दोन वर्षांपेक्षा जास्त बांधून घेता येत नाही आणि ती मुदत संपली की महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं. आमच्या वेळी तीन महिने आधी पत्र गेलं नाही तर करार गुपचूप आणखी वर्षभर वाढायचा. आता वेबसाइटवर करार रद्द करायचं बटणही ठेवावं लागतं. तुम्ही नशीबवान.

इंटरनेट घरी येईपर्यंत महिना धरून चला. तंत्रज्ञ सकाळी आठ ते दुपारी बारा, असं कळवतात आणि तेवढा वेळ घरी कुणीतरी हवंच. आमच्याकडे तो आला आणि खालूनच गेला, कारण बेलच्या पाटीवर अजून जुन्या भाडेकरूचं नाव होतं. पाटी इमारतीच्या देखरेखवाल्याने बदलायची असते, तो सुट्टीवर. मी खिडकीत बसून होते! त्याची गाडी दिसली, टोपी दिसली, आणि मी जिना उतरेपर्यंत पेटीत कार्ड: ‘आपण घरी नव्हता.’ पुढची तारीख तीन आठवड्यांनी. म्हणून किल्ली हातात आली की पहिल्याच दिवशी बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव चिकटवा, सेलोटेपनं का होईना. कुरियरवालेही तेच वाचतात. आणि तंत्रज्ञ ठरल्या वेळी फिरकलाच नाही तर डिसेंबर 2021 पासून प्रत्येक वेळेला 10 युरो किंवा महिन्याच्या बिलाच्या 20 टक्के, जे जास्त असेल ते, भरपाई मागता येते. मागता येते म्हटलं. आपणहून कुणी देणार नाही.

विजेचं सोपं आहे. काहीच केलं नाहीत तरी दिवे लागतात, कारण आपोआप तिथल्या मूळ पुरवठादाराचं गिऱ्हाईक होता. तो बहुधा महाग असतो, पण दोन आठवड्यांच्या नोटिशीवर सोडता येतो. किल्ली घेताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, घरमालकासमोर.

एकटेपणाचंही विचारलंत. असतो. डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो, रविवारी दुकानं बंद असतात, फोनवर बोलायला तिकडची माणसं झोपायला निघालेली असतात. चालायला जा, क्लब लावा, होतं सगळं ठीक. यावर लोक पानंच्या पानं लिहितात, मला त्यात रस नाही.

मला रस आहे तो शाळेत, आणि ते तुम्ही विचारलंच नाहीत.

बव्हेरियात, म्हणजे न्यूरेंबर्ग ज्या राज्यात आहे तिथे, चौथीच्या शेवटाला मुलांची वाटणी होते. मेच्या सुरुवातीला एक प्रगतिपुस्तक येतं, त्यात जर्मन, गणित आणि परिसर-अभ्यास यांची सरासरी असते. इथे 1 म्हणजे उत्तम, 6 म्हणजे नापास. सरासरी 2.33 पर्यंत असली तर गिम्नाझिउम, म्हणजे थेट विद्यापीठाचा रस्ता, 2.66 पर्यंत रेआलशुले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा, त्यापुढे मिटेलशुले, म्हणजे कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी शाळा. आमची लेक इथे आली ती दुसरीत. चौथीत तिला गणितात 1, परिसर-अभ्यासात 3, जर्मनमध्ये 4. करा सरासरी: 2.66, दोन आकड्यांपुढचं इथे सोडून देतात.

वर्गात आम्हाला मुलांच्याच बुटक्या खुर्च्यांवर बसवलं होतं. नवऱ्याचे गुडघे टेबलाच्या वर येत होते. बाई फार गोड बोलल्या. आकड्यावर पेन्सिल टेकवून म्हणाल्या, रेआलशुले हिच्यासाठी अगदी योग्य आहे, ताण पडणार नाही. आम्ही मान डोलावली. तीन दिवसांच्या चाचणीला बसवता आलं असतं, पण त्यातही जर्मन होतंच, आणि दहा वर्षांच्या पोरीला पुन्हा तिथेच आपटायला लावायचं जिवावर आलं.

लेक सहावीत गेल्यावर एका तुर्की मैत्रिणीकडून कळलं. ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून इथल्या शाळेत नव्हती, त्यांची सरासरी 3.33 पर्यंत असली तरी गिम्नाझिउमसाठी योग्य ठरवता येतं, जर कमी पडलं ते जर्मनमुळे असेल आणि भरून निघण्यासारखं असेल. नियमावलीत आहे, मी वाचला. शाळेनं तसं करायलाच हवं असं नाही. विचारलं असतं तर कदाचित नाहीही म्हणाले असते. पण गणितात 1 आणलेल्या मुलीच्या आईबापांसमोर बसून ते एक वाक्य उच्चारायला काय लागलं असतं? डिशवॉशरसाठी मी रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं. त्या खुर्चीवर बसून आभार मानून आले.

लेक रेआलशुले संपवून आता फाखओबरशुलेत, म्हणजे दहावीनंतरच्या व्यावसायिक उच्च माध्यमिक शाळेत, तंत्रशाखेला आहे, इंजिनिअरिंगला जाईल. तिच्या मैत्रिणी आहेत, ती हँडबॉल खेळते, घरात इथल्या फ्रँकोनियन बोलीचा हेल काढून बोलते आणि मी विषय काढला की ‘आई, पुरे’ म्हणते. तिला काही सलत नाही. मला सलतं. नवरा म्हणतो, तू तुझा राग तिच्या नावावर काढतेस. इथे येऊन तुझी नोकरी सुटली त्याचा आहे तो. असेल. दोन्ही खरं असू शकतं.

तर तुम्ही मुलगी म्हणालात, पण कितवीत आहे ते लिहिलं नाहीत. पहिली-दुसरीत असेल तर दिवाळीपर्यंत थांबू नका, इथे शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतात, तेव्हाच घेऊन या. घरात दिवे लागलेले नसले तरी चालेल. तिसरी-चौथीत असेल तर तो नियम छापून तुमच्या हातात देते आणि शाळेला लिहायच्या पत्राचा मसुदाही करून देते, मला आता तशी पत्रं चांगली लिहिता येतात. इयत्ता कळवा. टीव्हीचं मग बघू.