काकू, तुम्ही पोलिसांत का नाही गेलात?

प्रिय ताई,

प्रिलिमला मार्क कमी पडले म्हणून तुमची पंधरा वर्षांची पुतणी घर सोडून गेली. दोन रात्री तुम्ही नातेवाइकांकडे शोधलंत, तिसऱ्या दिवशी ती कल्याण स्टेशनवर सापडली. आता ती विचारते, ‘काकू, तुम्ही पोलिसांत का नाही गेलात?’ आणि तुम्हाला उत्तर सुचत नाही.

सासूबाई म्हणाल्या, ‘पोरीची जात, उद्या लग्न कसं जमेल?’ ही भीती खोटी नाही, आपल्याकडे लोक बोलतातच. पण चाळीस घरी फोन झाले, तेव्हा बातमी गावभर झालीच होती. राहिलं होतं ते फक्त पोलीस ठाणं!

भाऊजींचं ‘चोवीस तासांआधी तक्रार घेत नाहीत’ हे मात्र साफ चूक आहे. असा नियमच नाही. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी झाली असं धरूनच तपासाला लागायचं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी दिला आहे. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी तक्रार घ्यावीच लागते.

पण ताई, तुमच्या पत्रात एक ओळ घाईत आली आहे: ‘आदल्या रात्री भाऊजींनी तिला मारलं होतं.’ मला वाटतं, पाय अडला तो इथे. पोलीस पहिला प्रश्न हाच विचारतील, हे घरात सगळ्यांना कळत होतं. अशी किती घरं मुलाला शोधताना स्वतःलाच लपवत असतात!

तिला ‘आम्ही खूप शोधलं’ असं सांगू नका. ‘आम्ही घाबरलो, आमचं चुकलं’ एवढंच म्हणा, आणि भाऊजींनी त्या माराबद्दल तिच्याशी स्वतः बोलायला हवं. ते तयार नसतील तर तुमच्या यजमानांना मध्ये घाला, सासूबाईंना नको. ती का गेली, कुणाशी बोलली, हे लगेच खोदून विचारू नका. जेवताना, वेणी घालताना ती आपणहून सांगेल.

आणि 1098 हा मुलांसाठीचा मोफत नंबर तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर तुमच्या हाताने लिहून द्या. त्याच्याखाली तुमचा मोबाईल नंबरही लिहा. रात्री कितीही वाजता फोन केला तरी काकू रागावणार नाही, हे तिला आजच सांगा.