पालक फक्त सहीपुरते बोलावू नका

सर, मुख्याध्यापक म्हणून तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य-सचिव आहात. अध्यक्ष पालकांमधलाच असतो, हे आधी मनात पक्कं करा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत किमान ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला लागतात. कागदावर हे जमतंच. पण सभा सकाळी अकराला ठेवलीत तर मजुरी बुडवून कोण येणार? संध्याकाळी ठेवा, बाजाराचा दिवस टाळा.

आया मागे बसतात, बोलत नाहीत. पोषण आहाराची चव कशी आहे हे आधी त्यांनाच विचारा, मग बघा! मूल चांगलं करतंय हे सांगायलाही एखाद्या घरी जा. नाहीतर गुरुजी दारात दिसले की पोरानं काय केलं, हाच पहिला प्रश्न.

वर्गणी लगेच मागू नका. भिंत, शौचालय, पाण्याची टाकी यांची मागणी शाळा विकास आराखड्यात लिहा, समितीचा ठराव जोडा आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत अध्यक्षांनाच मांडू द्या. पालक बोलला की सरपंचांना टाळणं अवघड जातं. पोच मात्र लेखी घ्या.