पहिला दफनविधी चालवताना

मिरजेतल्या आपल्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तुला पहिल्यांदाच दफनविधी चालवायचाय, म्हणून सांगतो. लांबलचक संदेश तयार करू नकोस, तिथे तो ऐकण्याच्या मनःस्थितीत कुणी नसतं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय वाच, पण ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ या 25व्या वचनावर थांबू नकोस, 35व्यापर्यंत जा. मरण पावलेल्या मित्राला, लाजराला, आपण पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला. समोर उभ्या असलेल्या आईला हे ऐकू दे. प्रेषित पौलही थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात शोकच करू नका असं सांगत नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो. त्यामुळे ‘रडू नका, देवाची इच्छा होती’ हे तुझ्या तोंडून चुकूनही निघू नये. त्या वाक्यानं माणसं देवापासून दुरावतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेटी खाली सोडताना बोलायचं नाही. दोर वर ओढून होईपर्यंत थांब. मग गेलेल्या माणसाचं नाव स्पष्ट घेऊन ‘मातीला माती’ म्हण आणि पहिली मूठ टाक. पावसाळ्यात आपली काळी माती हाताला चिकटते, ढेकूळ पेटीवर धप्पकन पडतं आणि त्या आवाजानं घरच्यांचा बांध फुटतो. फुटू दे. मुलाच्या खांद्यावर हात ठेव, गीत उशिरा सुरू झालं तरी चालेल.

शेजारपाजारची हिंदू, मुसलमान मंडळीही आलेली असतात. त्यांना उद्देशून प्रचार नको. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणातलं, 21:4 हे वचन सावकाश वाच. देव डोळ्यांचे अश्रू पुसणार, हे त्यांनाही भिडतं. पाहुणे पांगले की आठवड्यानं त्या घरी पुन्हा जा, चहा घे, जुने फोटो दाखवले तर निवांत बघ.