‘लवकर’ म्हणजे किती लवकर?

ख्रिस्ताच्या पुनरागमनाविषयी तोच गोंधळ पत्रांतून पुन्हा पुन्हा येतो आहे, म्हणून या वेळी फक्त तेच प्रश्न घेतो.

बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, शेवटी प्रभू ‘मी लवकर येतो’ म्हणतो. दोन हजार वर्षे होत आली. मग ‘लवकर’चा अर्थ काय? (वेंगुर्ले)

मूळ ग्रीक शब्द ‘ताखू’. त्याचा अर्थ ‘थोड्याच काळात’ असाही होतो आणि ‘झपाट्याने’ असाही. काही प्रचारक दुसरा अर्थ पुढे करून प्रश्न मिटवून टाकतात. तसे करू नये. पहिल्या विश्वासणाऱ्यांना प्रभू आपल्या हयातीत येईल असे खरोखर वाटत होते. प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला, थेस्सलनीकाकरांना, पहिल्या पत्रात ‘आपण जे जिवंत उरू’ असे लिहितो. पुढे उशीर टोचू लागला, तेव्हा पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या (२ पेत्र) तिसऱ्या अध्यायात उत्तर आले : ही दिरंगाई नव्हे, कोणाचा नाश होऊ नये म्हणून धरलेला धीर आहे. तो अध्याय सलग वाचा, अडलेल्या ओळींवर खूण करा आणि पाळकांकडे जा.

एक दिवस हजार वर्षांसारखा, म्हणून जगाची सहा हजार वर्षे भरत आली, हे बरोबर का? (मालवण)

नाही. ते कोष्टक नाही. त्याच वचनात (२ पेत्र ३:८) हजार वर्षे एका दिवसासारखी असेही म्हटले आहे.

‘ही पिढी नाहीशी होणार नाही’ हे येशूचे शब्द खोटे ठरले का? (रत्नागिरी)

हे शब्द मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायातले. तो अध्याय यरुशलेमच्या मंदिराच्या दगडांपासून सुरू होतो, हे लोक विसरतात. हे दगड पडणार, असे येशू म्हणाला. ते कधी, आणि तुझ्या येण्याचे चिन्ह काय, असे शिष्यांनी एका दमात विचारले. रोमी सैन्याने इ.स. ७० मध्ये मंदिर पाडले. तेव्हा ते बोलणे होऊन चाळीसएक वर्षेच झाली होती. म्हणून अनेक अभ्यासक ‘ही पिढी’ तिथे लावतात. इतर अर्थ सांगणारेही आहेत. पण १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले, त्यात चाळीस मिळवा आणि १९८८ धरा, असे सांगणारे चुकले, हे सर्वांनी पाहिले.

निसर्ग आणि तौक्ते ही चक्रीवादळे शेवटाची चिन्हे होती का? (देवगड)

येशूने युद्धे, दुष्काळ, भूकंप यांना वेणांची सुरुवात म्हटले, आणि घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, असेही सांगितले. वादळात बंदरावरचा बावटा पाहा आणि होडी वर ओढा.

एका प्रचारकाने तारीख सांगितली आहे. माझे मेहुणे कलमांची बाग विकून पैसे त्याच्या कामाला द्यायला निघाले आहेत. काय करू? (राजापूर)

आजच्या आज त्यांना थांबवा. बयाणा घेतला आहे का? सातबाऱ्यावर बहिणीचे नाव आहे का? साठेखतावर सही होण्याआधी वकिलाला कागद दाखवा, आणि पाळकांना घरी बोलवा.

या एका गोष्टीने मी वर्षानुवर्षे अस्वस्थ आहे. आमच्या मंडळीतल्या एका आजींचे बायबल मी पाहिले आहे. मत्तय २४ च्या समासात पेन्सिलीने चार तारखा, चारही खोडलेल्या. चौथ्या तारखेसाठी त्यांनी हातातल्या बांगड्या दिल्या होत्या. तारीख सांगणारा पुन्हा फिरकला नाही.

हे नवे नाही. अमेरिकेत विल्यम मिलरने बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांची वर्षे केली, आणि त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी शेतातले पीक कापले नाही. दिवस उजाडला आणि मावळला. हॅरल्ड कॅम्पिंगने रेडिओवरून २१ मे २०११ सांगितली, मग २१ ऑक्टोबर; दोन्ही गेल्या. आता युट्यूबवर तेच गणित आणि खाली पैसे पाठवायचा क्यूआर कोड. मार्क १३:३२ प्रमाणे तो दिवस दूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, केवळ पित्याला. मग या माणसाला तो कुठून कळला, हे मेहुण्यांनी त्याला तोंडावर विचारावे. प्रभूचा दिवस येऊन ठेपला, अशा बोलण्याने थेस्सलनीकात लोक हादरले, तेव्हा पौलाने दुसऱ्या पत्रात त्यांना सावरले. आणि काम सोडून बसलेल्यांना त्याच पत्रात बजावले : काम करायचे नसेल त्याने खाऊही नये. बाग शिंपणे अविश्वास नाही.

‘येणे’ यासाठी मूळ शब्द कोणता? (अलिबाग)

बऱ्याच ठिकाणी ‘पारूसिया’ : हजर होणे, येऊन पोचणे. राजा शहराला भेट देई, तेव्हाही हाच शब्द वापरत. लोक वेशीबाहेर जाऊन त्याला आत आणत. शिमग्यात पालखी येते म्हटल्यावर अख्खी वाडी आधीच वेशीवर जाऊन उभी राहते, ते डोळ्यांपुढे आणा. मात्र हाच शब्द पौलाने मित्रांच्या येण्यालाही वापरला आहे, तेव्हा दर वेळी संदर्भ पाहा.

शेवटाचे व्हिडिओ पाहून माझी दहा वर्षांची मुलगी रात्री दचकून उठते. (सावंतवाडी)

व्हिडिओ बंद करा. काही दिवस तिच्याजवळ झोपा. पौलाने पुनरागमनाविषयी लिहून झाल्यावर ‘या शब्दांनी एकमेकांचे सांत्वन करा’ असे सांगितले. निजताना १ थेस्सलनीकाकर ४ मधले तेवढेच तिला वाचून दाखवा. आठवड्याभरात झोप लागली नाही, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. प्रार्थना चालू ठेवा, पण डॉक्टरकडे जायला उशीर करू नका.